फंडिंग नसलेली एमएसची ऑफर घ्यावी का: पणजीतल्या कन्सल्टन्सीचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, अ‍ॅडमिशन मिळवून द्यायला ही मंडळी चांगली आहेत, पण मिळालेली अ‍ॅडमिशन घ्यावी की नाही हे विचारायला यांच्याकडे जाऊ नका. पाचपैकी दोन स्टार. नाव घेत नाही, पणजीतलीच आहे.

काम भाचीचं होतं. फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बीई, मग वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी, आणि आता अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीचं एमएसचं (म्हणजे मास्टर्सचं) पत्र आलं. पत्रात अभिनंदन भरपूर, फंडिंगच्या, म्हणजे फीमाफी किंवा स्टायपेंडच्या, नावाने मात्र शून्य. दोन वर्षांचा सगळा खर्च धरला तर सत्तर लाखांच्या वर जातो. भावोजींची रिटायरमेंट तोंडावर आलेली, ताई म्हणाली तू जा तिच्यासोबत, तुला हिशेब कळतो.

चांगलं ते आधी सांगतो. एसओपी, म्हणजे अर्जासोबत जोडायचा 'मला हे का शिकायचंय' हा निबंध, तिच्याकडून चार वेळा घासून घेतला आणि शेवटचा खरंच वाचण्यासारखा झाला होता. कागदपत्रं बघणारी जी मुलगी आहे तिला सगळं तोंडपाठ, आय-ट्वेंटीसाठी (व्हिसाला लागणारं युनिव्हर्सिटीचं पत्र) पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढे पैसे कसे दाखवायचे, सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंदणी) ३५० डॉलर फी वेगळी आणि व्हिसाची वेगळी, मुंबईला कॉन्सुलेटमध्ये जाताना कुठला कागद वर ठेवायचा, एकही प्रश्न टाळला नाही. फी घेतली ती या कामाची म्हटली तर वसूल.

गडबड सुरू होते ती केबिनमधल्या काउन्सेलरपाशी. पहिलं वाक्यच, "अंकल, ऑफर आलीय ना, मग विचार कसला? फंडिंग तिथे गेल्यावर होतंच." कसं होतं विचारलं तर टीएशिप, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करायचं पगारी काम, मिळते म्हणे. आता टीएच्या आणि आरएच्या (संशोधनातले मदतनीस) जागा बहुतेक डिपार्टमेंटात आधी पीएचडीवाल्यांना जातात, उरल्या तर एमएसवाल्यांना, आणि कॅम्पसवर दुसरं काम करायचं म्हटलं तरी एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच. त्यात जेवणखाण निघेल, फी नाही निघत. शेवटी भाचीने सरळ डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल टाकला की एमएसच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला असिस्टंटशिप मिळते का. दुसऱ्याच दिवशी उत्तर, गॅरंटी देता येत नाही, पहिल्या वर्षी क्वचितच. फुकटचा मेल, जो आमच्या आधी कन्सल्टन्सीने टाकायला हवा होता.

मग घाई. १५ एप्रिलच्या आत डिपॉझिट भरा नाहीतर सीट गेली. ही १५ एप्रिलची तारीख खरी आहे पण ती वेगळ्याच गोष्टीची आहे, अमेरिकेतल्या काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे की फंडिंगसकट ऑफर दिली असेल तर त्या तारखेच्या आधी मुलाला उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही, आणि तोही ज्या युनिव्हर्सिट्यांनी मान्य केलाय त्यांच्यापुरता. म्हणजे ती मुलांच्या सोयीची तारीख, आणि हिच्या ऑफरला तर फंडिंगच नव्हतं. हिच्या पत्रात १ मे छापलेलं होतं. मी पत्र पुढे सरकवलं तर म्हणाला, हो हो, पण लवकर भरलेलं बरं. डिपॉझिट अर्थातच नॉन-रिफंडेबल.

आता लोनचं, कारण खरा निकाल तिथे लागतो. काउन्सेलरने लॅपटॉप फिरवून एक एक्सेल दाखवली, पन्नास लाख लोन, ११ टक्के, दहा वर्षं, महिन्याला सुमारे ६९ हजार हप्ता, आणि पुढच्या रकान्यात अमेरिकेतला पगार, म्हणजे हप्ता किरकोळ दिसणारच. मी विचारलं शिकत असतानाचं व्याज कुठल्या ओळीत आहे. नव्हतंच. मोरॅटोरियम, म्हणजे शिकत असताना बँक देते ती सवलत, त्यात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. अख्खे पन्नास लाख सुरुवातीलाच उचलले असं धरा, दोन वर्षांचं साधं व्याजच अकरा लाख, ते मुद्दलात गेलं की हप्ता ८४ हजारांवर. लोन हप्त्याहप्त्याने उचललं तर थोडं कमी, पण ६९ नक्कीच नाही. आणि समजा ओपीटीचं वर्ष (शिक्षणानंतर तिथे काम करायची मुभा) आणि स्टेमची, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांची, वाढीव दोन वर्षं संपली, नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाची लॉटरी लागली नाही आणि पोरगी परत वेर्ण्याला आली तर? त्या पगारात ८४ हजार कुठून आणायचे? याला उत्तर, "पॉझिटिव्ह राहा अंकल." त्याच शीटमध्ये लोनच्या पैशावर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो टॅक्स) पण धरलेला, जो १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक लोनमधून पाठवलेल्या पैशावर लागतच नाही. म्हणजे जिथे खर्च नाही तिथे दाखवला आणि जिथे आहे तिथे गाळला.

तारण काय ठेवणार, तर "गाव फोंड्याला ना, मग प्रॉपर्टी असेलच." असेलच! भावोजींचं कुळागर आहे, माडापोफळीचं, पण शेतजमीन एज्युकेशन लोनला तारण म्हणून बँका सहसा धरत नाहीत. उरलं घर. ते अजून आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झालेली नाही, आणि आपल्या गोव्यातल्या सिव्हिल कोडप्रमाणे लग्न झालेल्या आत्यांचाही त्यात हिस्सा, वर भावाभावांच्या बायका अर्ध्याच्या मालकीण, म्हणजे बँकेच्या वकिलासमोर सही करायला निम्मं गाव न्यावं लागेल. एक-चौदाच्या (गोव्यातला सातबारा) उताऱ्यावर कुणाचं नाव आहे एवढं तरी गोव्यात बसून धंदा करणाऱ्याने पहिल्या मीटिंगला विचारायला नको? तारण नाही म्हटल्यावर त्याने लगेच एका खाजगी फायनान्स कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो माणूस दहा मिनिटांत केबिनमध्ये हजर, तेव्हा मला कळलं कोण कुणासाठी बसलंय. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची लोन स्कॉलरशिप आहे, यातलं एक नाव त्याच्या तोंडून आलं नाही. एटी-ईची, म्हणजे एज्युकेशन लोनच्या व्याजावरची इन्कम टॅक्सची, सूट मिळेल एवढं मात्र सांगितलं, ती जुन्या टॅक्स रेजिममध्येच मिळते आणि भावोजी नव्यात आहेत.

जर्मनीचं मीच काढलं. तिथे सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ पासून लावलीय, बाकी राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच काढता येतं असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, आम्ही बघितलं तेव्हाचा आकडा हा. काउन्सेलर म्हणाला जर्मन भाषा अवघड पडते. पडतही असेल, पण ज्या युनिव्हर्सिट्या एजंटला कमिशन देतात त्यांचीच माहितीपत्रकं टेबलावर का असतात हे काही भाषेवरून कळत नाही.

पार्किंग विचारू नका, फोंड्याहून कदंबाच्या बसने या.

भाचीने काय केलं म्हणाल, तर डिपॉझिट भरलं नाही, १ मेच्या आधी युनिव्हर्सिटीला मेल करून एक वर्षाचं डिफरल, म्हणजे अ‍ॅडमिशन वर्षभर पुढे ढकलणं, मागितलं आणि ते मिळालं (सगळीकडे मिळत नाही, विचारावं लागतं). या डिसेंबरात पीएचडीला अर्ज करणार, तिकडे फी माफ आणि स्टायपेंड असतो, जिथे नसेल तिथे जायचंच नाही असं तिचं तिनेच ठरवलंय, मी फक्त आकडे मांडले. लागलं नाही तर जर्मनी. ताईला अजून वाटतं की हातातलं सोडलं, दोघींचं अधूनमधून वाजतं.

कन्सल्टन्सीची फी चाळीस हजार आणि वर जीएसटी, परत मिळत नाही. पुढच्या वर्षीचे अर्ज त्याच फीत करून देऊ म्हणाले, पण तोंडी सांगितलेलं तिथे कुणाच्या लक्षात राहत नाही, आम्ही ईमेलवर लिहून घेतलंय, तुम्हीही घ्या, आणि काम त्या कागदपत्रंवाल्या मुलीकडेच द्या म्हणून आधीच सांगा.