पार्सलमध्ये हत्यार सापडलं, असा फोन आला तर

शोभेच्या बंदुका, तलवारी, ढाली विकणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं. ज्यांच्या दुकानात वडील किंवा आई एकटे बसतात, त्यांनी तर जरूर वाचावं.

कसब्यात आमचं छोटं दुकान आहे. जुन्या धाटणीच्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या) आणि तोड्याच्या (पेटत्या वातीने बार काढायच्या) बंदुकांच्या शोभेच्या प्रती आम्ही कारागिरांकडून करून घेतो. नाटकवाले, मिरवणुकीची मंडळं, वाड्याच्या थाटाची हॉटेलं ही आमची गिऱ्हाइकं. या बंदुका उडत नाहीत. नळी म्हणजे भरीव लोखंड, तोंडाशी बोटाच्या पेराएवढं कोरलेलं, आणि बत्ती द्यायच्या जागी छिद्रच नाही. दिसायला जुनी पण उडणारी बंदूक असेल तर तिला परवाना लागतोच. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ची सूट, दुरुस्त करूनही उडणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. ‘नळी आरपार करून द्या’ म्हणणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवतो. नकली बंदुकीची विनापरवाना खरी करणं हा कलम ६चा भंग आहे.

दिवाळीनंतर नागपूरहून एकाचा फोन आला. निवृत्त फौजी आहे, दिवाणखान्यात लावायला एक बंदूक हवी, म्हणाला. घासाघीस नाही, १८,००० रुपये लगेच जमा. पैसे मात्र भलत्याच नावाच्या खात्यातून आले. ‘मेव्हण्याचं खातं आहे’ म्हणाला. मग पॅकिंगचा फोटो आणि कुरिअरची पावती मागितली. ती सगळेच मागतात, बाबांनी पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा एकटेच होते. कुरिअरच्या तपासणी विभागातून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये हत्यार सापडलंय, असा फोन आला आणि तो थेट ‘साहेबां’ना जोडून दिला. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे तिरंगा, आणि हातात आमच्याच खोक्याचा फोटो. बाबांनी निळ्या सुतळीने बांधलेलं खोकं. ते पाहिल्यावर त्यांच्या हातापायातलं बळच गेलं. फोन ठेवायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, चौकशी होईपर्यंत रक्कम ‘सरकारी खात्यात’ ठेवायची, ती परत मिळेल. बाबांनी दोनदा मिळून १,४०,००० रुपये भरले. तिसऱ्यांदा मागणी झाली तेव्हा वहिनी डबा घेऊन आली आणि तिने फोन हिसकावून बंद केला.

तो गणवेशातला माणूस एकाच दमात म्हणत होता की हे जिवंत हत्यार आहे आणि शंभर वर्षांची पुरातन वस्तूही आहे. पुरातन वस्तूंचा १९७२चा कायदा किमान शंभर वर्षं जुन्या वस्तूंना लागतो. आमची बंदूक तर विकली त्याच वर्षी घडवलेली. आणि व्हिडिओ कॉलवर अटक हा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं होतं. खरे पोलीस चौकशी करतील, नोटीस देतील, पण जामिनाचे पैसे यूपीआयवर मागणार नाहीत. पंचाहत्तरीच्या माणसाला चार तास एका जागी बसवून ठेवलं, याची चीड पैशांपेक्षा जास्त आहे.

आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, म्हणून दुसऱ्यांदा भरलेल्यातली काही रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली. पार्सल तर कुणी पकडलंच नव्हतं; खोक्याचा तो फोटो बाबांनीच त्या गिऱ्हाइकाला पाठवलेला. नागपूरच्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नाही, म्हणून ते सुतळीसकट परत आलं.

पुढचा फटका आम्हाला माहीतच नव्हता. ते १८,००० रुपये दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाचे निघाले. त्याने तक्रार केली आणि बँकेने आमच्याच चालू खात्यावर होल्ड टाकला. कारागिरांची मजुरी रखडली. बिल, कुरिअरची पावती आणि नागपूरच्या त्या गिऱ्हाइकाशी झालेलं सगळं चॅटिंग बँकेत आणि सायबर पोलिसांकडे दिलंय, होल्ड अजून उठायचाय. आता पैसे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातून आले नाहीत, तर आम्ही माल बांधायलाच घेत नाही.