जालना रोडवरचा छातीचा दवाखाना : शुगरवाल्या घरांसाठी लिहितेय

आम्ही गेवराई तालुक्यातले. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, शुगर जुनीच. ताप, खोकला आणि मग थुंकीतून रक्त. एका ठिकाणी निमोनिया म्हणून सलाईन झाली, दुसरीकडं टीबीच्या गोळ्या द्यायचं चाललं होतं. धाप वाढली तसं त्यांना संभाजीनगरला या दवाखान्यात आणलं.

इथं पहिल्यांदा शुगर आणि कीटोन (शुगर फार बिघडली की रक्तात साठणारं आम्ल) बघितले. शुगर ४०० च्या वर, रक्तात आम्ल वाढलेलं. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, ‘अशा वेळी रक्तातलं लोह मोकळं होतं, आणि म्युकर बुरशी त्याच्यावरच पोसते.’ २०२१ ला नाका-डोळ्यांचा म्युकर घरोघरी ऐकला होता; तो श्वासनळीत, फुप्फुसातही होतो, रक्तवाहिन्या पोखरतो, हे आम्हाला नवीन होतं.

दुसऱ्याच दिवशी दुर्बीण घालून श्वासनळीतला तुकडा तपासायला काढला. या दवाखान्याचं खरं मोल इथं आहे. ॲस्परजिलस नावाची दुसरी बुरशी असती तर व्होरिकोनाझोल हे बुरशीचं औषध चाललं असतं; म्युकरवर ते चालत नाही. नुसत्या एक्स-रेवरून हा फरक कळत नाही. तरी रिपोर्टसाठी ते थांबले नाहीत, म्युकरवरचं अॅम्फोटेरिसिन त्याच रात्री चालू केलं. इन्सुलिनही सलाईनमधून. औषध किडनीला जड, पोटॅशियम उतरवतं, म्हणून रोज रक्त तपासायचे. पुढं फुप्फुसाचा सडलेला भाग ऑपरेशन करून काढला. सर्जन इथलेच, पेशंट दुसरीकडं हलवावा लागला नाही.

खर्चाचं मात्र आधी नीट सांगायला पाहिजे होतं. लिपोसोमल अॅम्फोटेरिसिन (त्याच औषधाचा चरबीच्या कणांत घातलेला प्रकार) रोज वजनाच्या किलोमागं ५ मिलिग्रॅम. मामांचं वजन ५० किलो, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या पाच कुप्या रोज. हा हिशेब आम्हाला मेडिकलच्या काउंटरवर कळला. धाकट्या दिरांना रातोरात पैशासाठी गावाकडं पळावं लागलं. नातेवाइकांना टेकायला जागाही नाही, बाया माणसांचे फार हाल होतात.

सिस्टर लोक फार चांगले. मामांना थंडी वाजून आली की लगेच हजर.

आता मामांना पोसाकोनाझोलच्या, म्हणजे म्युकरवरच्याच, गोळ्या चालू आहेत. येताना शुगरची वही आणि जुन्या सगळ्या फाइली आणा, इथं त्या खरंच वाचतात. ओपीडीला गर्दी असते, नंबर सकाळीच लावा. पण रक्त पडत असेल तर नंबरात न बसता सरळ कॅज्युअल्टीत जा.