जुनं कार्ड बंद करायला लावून नवीन एअरलाइन कार्ड विकणाऱ्यांपासून सावध राहा

सांगली-मिरजेत सध्या मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डाचे स्टॉल लागतात, त्यातले काही जण विमान कंपनीच्या नावाचं कार्ड विकतात. त्यात मला कसं फसवलं ते सविस्तर लिहितोय कारण माझ्या ओळखीतल्या आणखी काही जणांकडून हेच सांगून फॉर्म भरून घेतलेत.

विश्रामबागला स्टॉलवर एक पोरगा होता, बोलायला एकदम गोड. म्हणाला, काका हे कार्ड घ्या, जॉइनिंग बोनसमध्ये एवढे माइल्स (विमानाच्या तिकिटासाठी वापरायचे पॉइंट) मिळतात की दोघांचं जाऊन-येऊन तिकीट निघतंय. फी ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. आई-आप्पांना एकदा विमानात बसवायचं घरात सगळ्यांच्याच मनात होतं. मी त्याला आधीच स्पष्ट विचारलं की याच बँकेचं साधं कार्ड माझ्याकडं बऱ्याच वर्षांपासून आहे, मग बोनस मिळतो का? तर म्हणाला, "ते बंद करून टाका काका, मग तुम्ही बँकेला नवीन कस्टमर, बोनस शंभर टक्के." हेच त्यानं व्हॉट्सॲपवर पण लिहून पाठवलं. जुनं कार्ड बंद झाल्याचा मेसेज आल्यावर तो घरी आला, टॅबवर फॉर्म त्यानंच भरला, ओटीपी विचारून घेतला आणि गेला. कागद एकही दिला नाही.

कार्ड आलं, फी कापली, बोनससाठी कार्डावर जेवढा खर्च करायला सांगितला होता तेवढा मुदतीत केला, पोराची कॉलेजची फी पण त्यावरच भरली, आणि माइल्स काय आलेच नाहीत. कस्टमर केअरला विचारलं तेव्हा कळलं की मागच्या १२ महिन्यांत त्या बँकेचं कुठलंही कार्ड ज्याच्याकडं होतं त्याला वेलकम बोनस, म्हणजे तोच जॉइनिंग बोनस, लागूच नाही. म्हणजे जुनं कार्ड बंद करून काही उपयोग होणारच नव्हता, बंद केल्या तारखेपासून पुढं वर्षभर मी अपात्रच. हा नियम त्या पोराला माहीत नसेल यावर माझा अजिबात विश्वास नाही, तो रोज तेच कार्ड विकतो. वर जुन्या कार्डावरचे पॉइंट गेले, लिमिट गेलं, सिबिलवर (कर्ज-कार्डाच्या व्यवहारांची नोंद असते तिथं) नवीन एन्क्वायरी पडली ते वेगळंच, आणि आप्पा अजून विचारतात कधी जायचं म्हणून, त्याचं जास्त वाईट वाटतं.

भाचा न्यू जर्सीत असतो त्याच्याशी बोललो, तो म्हणाला तिकडं पण असेच नियम आहेत, अमेरिकन एक्स्प्रेसचा बोनस साधारण एका कार्डावर आयुष्यात एकदाच, सिटीच्या एअरलाइन कार्डावर एकदा बोनस घेतला की त्याच कार्डाचा परत ४८ महिने नाही. फरक एवढाच की तिकडं माणसं हे अर्ज करायच्या आधी वाचतात, कारण ऑफरच्या पानावरच छापलेलं असतं. आपल्याकडं पण अटी असतात, पण स्टॉलवरचा माणूस त्या दाखवत नाही.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी अटींचा कागद मागाच. त्यात बघा, आधी कार्ड असलेल्याला, ॲड-ऑन कार्डवाल्याला (घरच्या दुसऱ्याच्या कार्डावर जोडून मिळालेलं कार्ड) किंवा जुनं कार्ड अपग्रेड केलेल्याला बोनस आहे का. खर्चाचे दिवस कधीपासून मोजतात ते पण बघा, बऱ्याच ठिकाणी कार्ड मंजूर झाल्या तारखेपासून मोजतात आणि कार्ड पोस्टानं हातात येईपर्यंत त्यातले दिवस गेलेले असतात. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, एटीएममधून काढलेली रोख हे बहुतेक वेळा त्या खर्चात धरत नाहीत. आणि माइल्सवर तिकीट काढलं तरी टॅक्स आपल्यालाच भरावा लागतो, तिकीट पूर्ण फुकट असं सहसा नसतंच.

मी बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल केला, पोराचे व्हॉट्सॲप मेसेज जोडले. पहिलं उत्तर आलं की ओटीपी दिला म्हणजे अटी मान्य. मग मी परत लिहिलं की रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अर्जासोबत एक पानी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कार्डाच्या मुख्य अटींचा कागद) द्यायला लागतं, ते मला कुठं दिलंय ते दाखवा. त्यानंतर फी जीएसटीसकट परत आली. माइल्स नाही मिळाले, जुनं कार्ड पण परत नाही.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी नंबर १४४४८. आणि ज्यांचं कार्ड नुकतंच घरी आलंय पण शंका येतीय त्यांनी ते ॲक्टिव्हेट करू नका. ३० दिवस चालू केलं नाही तर बँकेला तुमची ओटीपीनं परवानगी मागावी लागते, ती दिली नाही की ७ कामकाजाच्या दिवसांत एक रुपया न घेता कार्ड बंद करावं लागतं. तेवढ्यात एजंटचा फोन येईल "काका फक्त ओटीपी सांगा" म्हणून, तो सांगू नका.