फळांचं कॉकटेल घरी करायचंय: ग्लासात कुटू की मिक्सरला लावू?

काशासा (ब्राझीलची उसाच्या रसाची दारू) किंवा व्हाइट रमची बाटली घरात आहे, अननस नाहीतर पॅशनफ्रूट पिकून पडलंय, आता करायचं काय. अशा वेळी बहुतेक लोक आधी बाटलीवरून वाद घालतात, काशासाच हवी का, रम चालते का, वोडका टाकली तर काय बिघडतं वगैरे. माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी हातातलं फळ बघा आणि ते कुटायचं की मिक्सरला लावायचं ते ठरवा, कारण एकदा ते ठरलं की बाटली किती भारी लागेल, साखर किती, बर्फ कसा, हे आपोआप ठरतं.

ब्राझीलमध्ये दोन्ही रस्ते पहिल्यापासून आहेत. एक कायपिरिन्याचा, म्हणजे लिंबू आणि साखर ग्लासातच चेचायची, वर काशासा आणि बर्फ, संपलं. त्यातच दुसरं फळ घातलं की कायपिफ्रुटा, आणि त्यात अननस, स्ट्रॉबेरी, किवी, पॅशनफ्रूट, काजूची बोंडं, जे मिळेल ते घालतात. दुसरा रस्ता बातिदाचा, म्हणजे फळाचा गर, काशासा, कन्डेन्स्ड मिल्क आणि बऱ्याचदा नारळाचं दूध, सगळं मिक्सरमधून फिरवलेलं, दिसायला थेट मिल्कशेक.

कुटायच्या पद्धतीचं माप सोपं आहे: ६० मिली काशासा, एक लिंबू, ४ लहान चमचे साखर. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनचं माप हेच. आणि कायपिरिन्या म्हणजे काय हे ब्राझीलने २००३ साली सरकारी नियमातच लिहून ठेवलंय, काशासा, लिंबू आणि साखर, त्यामुळे रम घातली तर ती कायपिरिस्सिमा आणि वोडका घातली तर कायपिरोस्का, पण घरी कोण तपासायला येणारे.

खरी गोम लिंबाच्या कापण्यात आहे. दोन्ही टोकं उडवा, उभं अर्धं करा, मधोमध जी पांढरी दोरी दिसते ती सुरीने तिरकी कापून काढून टाका, मग फोडी करा. त्या फोडी सालीची बाजू खाली ठेवून साखरेत टाका आणि लाटण्याच्या टोकाने किंवा बत्त्याने पाच-सहा वेळा दाबा, ठेचा नका करू. साखरेचे दाणे सालीवर घासले जातात आणि सालीतलं तेल साखरेत उतरतं, खरा वास त्याचाच असतो. वास एकदम वर आला की हात थांबवा, त्यापुढे दाबत राहिलात तर सालीच्या आतला पांढरा भाग कडवटपणा सोडायला लागतो आणि मग कितीही साखर घाला, तो जात नाही. म्हणूनच पिठीसाखर किंवा पाक इथे मला पटत नाही, विरघळतो पटकन हे खरं, पण घासायचं काम कोण करणार?

दुसरं फळ घालायचं तर लिंबू अर्धंच घ्या आणि फळाचे चार-पाच लहान तुकडे टाका. अननस इथे फार छान लागतो कारण तो रसाळ आहे, आंबट आहे आणि चोथा खाली बसला तरी चमच्याने खाता येतो. पॅशनफ्रूट तर कुटायचंही नाही, गर बियांसकट वरून ओतायचा, बिया दाताखाली कुरकुरतात, ते ज्यांना आवडत नाही त्यांनी गाळून घ्या. आंबा मात्र इथे अजिबात नको. तो ग्लासाच्या बुडाला लगदा होऊन चिकटतो, बर्फ हलत नाही, वर नुसती दारू आणि खाली गोड चिखल. पिकलेलं केळं, पपई, यांचंही तेच. घट्ट गराचं फळ असेल तर फार विचार करू नका, सरळ मिक्सर काढा.

मिक्सरचं माप एका ग्लासासाठी साधारण असं धरा: ६० मिली काशासा, मूठभर फळ, दोन मोठे चमचे कन्डेन्स्ड मिल्क, ५०-६० मिली नारळाचं दूध आणि बर्फ. त्यापेक्षाही बरं म्हणजे फळाचेच तुकडे आदल्या दिवशी फ्रीजरला टाका, बर्फ कमी लागतो आणि पाणचट होत नाही. कुटलेल्या ग्लासात बर्फाचे जरा मोठे तुकडे लागतात, कारण ते हळू वितळले तरच दारूची धार हळूहळू उतरते, बारीक चुरा टाकला तर निम्म्या ग्लासातच पाणी होतं.

आता मिक्सरवाल्यांनी नीट वाचा, कारण इथे फळाप्रमाणे गडबडी वेगवेगळ्या आहेत. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं, त्यामुळे अननस आणि कन्डेन्स्ड मिल्क एकत्र करून ठेवलं की थोड्या वेळाने कडू लागायला लागतं. पपई आणि किवीचाही हाच प्रकार, एन्झाइम तेवढी वेगळी. उपाय दोन, एकतर लगेच पिऊन टाका, नाहीतर अननस आधी चांगला उकळून गार करून घ्या, उष्णतेने एन्झाइम निकामी होतं, डब्यातल्या अननसाचं म्हणूनच असं होत नाही. पॅशनफ्रूटमध्ये वेगळंच, त्याच्या आंबटपणाने कन्डेन्स्ड मिल्क घट्ट होतं, जरा जास्त ठेवलं तर चमच्याने खायची वेळ येते, पण चव बिघडत नाही, नारळपाणी घालून सैल करा. त्याच्या बिया मात्र मिक्सरमध्ये जास्त फिरवू नका, दोन-तीन झटके द्या, गर सुटला की गाळा, बिया फुटल्या की काळे कण आणि कडसर चव दोन्ही येतं. आणि कन्डेन्स्ड मिल्क संपलंय म्हणून साधं दूध ओतायचा विचार करत असाल तर लिंबाच्या शेजारी ते फाटणार हे धरूनच चला.

अननस आणि रम एवढंच हाताशी असेल तर माझं मत विचाराल तर बातिदाच्या वाटेला जाऊच नका, पिन्या कोलाडा करा. ५० मिली व्हाइट रम, ३० मिली नारळाची क्रीम, ५० मिली ताजा अननसाचा रस, बर्फ, झालं. कन्डेन्स्ड मिल्क नसल्यामुळे ते कडू होण्याचं झेंगटच नाही. पोर्टो रिकोवाल्यांनी १९७८ साली त्याला आपलं राष्ट्रीय पेयच करून टाकलं, तर काहीतरी असेलच ना त्यात.

गोडाचं बोलायचं तर ४ लहान चमचे साखर म्हणजे साधारण १६ ग्रॅम. कन्डेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत वीसेक ग्रॅम सहज, वर फळाची गोडी वेगळी. आंब्याची बातिदा म्हणूनच बहुतेकांना दुसऱ्या ग्लासाला जड वाटते. अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ घाला, फरक पडतो. पण मुळातच गोड कमी पिणारे असाल तर कुटूनच करा, तिथे साखर तुमच्या हातात आहे, दोन चमच्यांवर थांबता येतं.

आता बाटली. काशासा ताज्या उसाच्या रसापासून आंबवून गाळतात, ब्राझीलमध्येच बनलेली असावी लागते आणि तिथल्या कायद्याने ३८ ते ४८ टक्के अल्कोहोल. रम बहुतेक मळीपासून. त्यामुळे काशासाला हिरव्या उसाचा, जरासा गवताळ वास असतो आणि रमला तो सहसा नसतो. कुटलेल्या ग्लासात गोष्टीच मोजून चार, तिथे हा वास लपत नाही, तेव्हा काशासा मिळत असेल तर ती तिथे वापरा, साधी बिनरंगी. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाची आग्रिकोल रमही ताज्या रसाची असते, तीही छान बसते, पण ती बऱ्याचदा ५० टक्क्यांची असते म्हणून ६० ऐवजी ४५ मिलीच घ्या. बातिदात मात्र कन्डेन्स्ड मिल्क आणि नारळ सगळं झाकून टाकतात, तिथे भारी बाटली फोडणं म्हणजे उधळपट्टी, साधी व्हाइट रम घातली तरी कोणाला पत्ता लागत नाही. लाकडाच्या पिंपात मुरवलेली, आंबुराना लाकडाची वगैरे, दालचिनीसारख्या वासाची काशासा असेल तर ती लिंबात मला आवडत नाही, नारळाबरोबर चालते, पण खरं तर ती नुसतीच प्यावी.

माणसं किती आहेत हेही बघा. दोघंतिघं असाल तर कुटण्यात मजा आहे, दहा जण आले तर तुम्ही पूर्ण वेळ ओट्याशी उभे, कारण प्रत्येक ग्लास वेगळा करावा लागतो, आणि जगमध्ये एकदम केलं तर साली पडून राहून कडू होतं. बातिदा (ताज्या अननसाची, पपईची, किवीची सोडून) सकाळी करून बर्फाशिवाय बाटलीत भरून ठेवता येते. फ्रिजमध्ये नारळाची साय वर घट्ट बसते, घाबरू नका, काढून जोरात हलवा. फक्त माप मिक्सरच्या भांड्यात अंदाजाने ओतू नका. ६० मिली दोन्हीकडे तेवढेच, पण कायपिरिन्यात ते जिभेला कळतात आणि बातिदात कळत नाहीत, त्यामुळे लोक ती सरबतासारखी पितात आणि मग उठताना कळतं. आणि घरात लहान मुलं असतील तर त्या बाटलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा आणि ती वरच्या कप्प्यात मागे ठेवा, कारण बाहेरून ती आंब्याच्या मिल्कशेकची बाटलीच दिसते.