वेलीच्या घेवड्याचं किट: बी झकास, जाळी बिनकामाची

ऑनलाइन मागवलं होतं, बियांचं पाकीट, नायलॉनची जाळी, कोकोपीटची वीट अन् एक रंगीत माहितीपत्रक. कंपनीचं नाव लिहीत नाही, असली किटं आता सगळेच विकतात. घर जळगावला, मागच्या अंगणात काळी जमीन आहे, तिथंच लावलं, त्यामुळे कोकोपीट तसंच पडून आहे. कुंडीवाल्यांना होईल उपयोग.

पैसे वसूल झाले ते बियांत. पाकिटावर उगवण ७५ टक्के लिहिलेली, तपासणीची तारीख ताजी, बी गुलाबी म्हणजे औषध लावलेलं (घरात लहान पोरं असतील तर उरलेलं बी किचनमध्ये ठेवूच नका). उगवलं भरभरून अन् मुख्य म्हणजे खरंच वेलीचं निघालं. बाजारात श्रावण घेवडा म्हणून जे भेटतं ते बहुतेक झुडपी असतं, कंटेंडर, फुले सुरेखा वगैरे जाती, गुडघाभर वाढतं, थोडे तोडे देतं अन् संपतं. वेल उशिरा लागतो, पहिल्या शेंगांना दोनेक महिने धरा, पण नंतर कोवळ्या असतानाच तोडत राहिलं तर देतच राहतो, शेंगांत दाणे भरू दिले की मात्र नवीन फुलं कमी होतात. शेंग लांब, शिरा काढायची कटकट नाही, लसूण अन् दाण्याचा कूट घालून परतली की कळण्याच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

आता जाळी. कारलं, गिलकं, काकडी यांना ताणे असतात, ते जाळी धरून चढतात. घेवड्याला ताणे नसतातच, त्याचं खोडच गोल गोल वेटोळे घेत वर जातं, म्हणून त्याला उभी दोरी पाहिजे, आडव्या दोऱ्या काय कामाच्या? अर्ध्या वाफ्याला जाळी लावली अन् अर्ध्याला वर तार ताणून खाली सुतळ्या सोडल्या, तर सुतळीवाले वेल सरळ वर अन् जाळीवाले चौकटीतून आत-बाहेर गुंतलेले, वाळल्यावर ते सोडवता सोडवता नाकी नऊ आले. सुतळी काय, वेलासकट कापली अन् खताच्या खड्ड्यात टाकली. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आपल्याकडे फुकट पडलेल्या असतात, पण वेल सहा-सात फूट जातो, त्या पुरत नाहीत, बांबूच बघा.

माहितीपत्रकावर लिहिलंय "वर्षभर कधीही लावा". हे लिहिणाऱ्याला मे महिन्यात भुसावळला आणून उभं करा भो! पारा ३२-३३ च्या वर गेला की घेवड्याची फुलं गळायला लागतात अन् आमच्याकडे तर ४५ पर्यंत जातो. वेल हिरवागार दिसेल, शेंग दिसणार नाही. खान्देशात सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर, पाऊस ओसरल्यावर लावा, अन् वाफा उंच करा कारण काळ्या जमिनीत पाणी साचलं की बी उगवायच्या आधीच कुजतं. उन्हाळ्यात शेंगा हव्याच असतील तर चवळी लावा, ती ऊन सोसते. त्याच कागदावर दर आठवड्याला युरिया द्यायलाही सांगितलंय, कशाला? घेवड्याच्या मुळांवर गाठी कमीच येतात, हवेतला नत्र तो इतर शेंगवर्गीय पिकांइतका घेत नाही, तरी दर आठवड्याला युरिया ओतला की नुसता पाला. शेणखत बास.

बियांना पाचपैकी साडेचार, जाळीला एक, कागदाला काहीच नाही. नुसतं बी वेगळं भेटलं तर तेवढंच घ्या. मी तर तेही घेणार नाही, बी संकरित नव्हतं, घेवड्याचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होतं म्हणून पुढच्या पिढीत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे शेवटी शेवटी काही शेंगा वेलावरच वाळू दिल्या अन् दाणे काढून कडुलिंबाच्या पाल्यासोबत बरणीत भरून ठेवलेत. जळगावात कुणाला मूठभर हवे असतील तर सप्टेंबरच्या आत सांगा.