‘एआय’वालं फ्रंटलोड वॉशिंग मशीन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

८ किलोचं फ्रंटलोड, इन्व्हर्टर मोटर, आत हीटर. नऊ महिने रोज एक-दोनदा लावून झालं. यातल्या ‘एआय’ला कपड्यांचं वजन कळतं, मळ कळत नाही. एवढं लक्षात ठेवून वापरलं तर मशीन खरंच चांगलं आहे.

सुरू केल्यावर पाणी घेण्याआधी ड्रम थोडा वेळ कोरडाच पुढे-मागे फिरतो. मोटरला किती जोर लागतो त्यावरून वजन आणि कापडाचा मऊपणा जोखला जातो, मग वेळ आणि ड्रमची चाल ठरते. म्हणून कपडे कोरडेच टाकावेत. आपल्याकडे आधी बादलीत भिजवायची सवय. ३ किलो सुती कपडे भिजले की सहज दुप्पट भरतात आणि मशीन वेळ वाढवत बसतं. त्यात बादलीतली साधी पावडर असेल तर फेस मावत नाही, तो जिरवायला खळबळणं वाढतं. फ्रंटलोडची मॅटिक पावडरच हवी.

मळक्या गणवेशांना ‘एआय’ लावू नये. कॉलरला ब्रश मारून कॉटन, ४० अंश. हळदीचा डाग तरीही राहतो, तो उन्हात वाळवल्यावर फिका पडतो.

डबलची चादर एकटी टाकली तर तिचा गोळा होतो, ड्रमचा तोल जातो आणि शेवटची ९ मिनिटं अर्धा तास चालतात. सोबत दोन-तीन टॉवेल टाकले की पिळणं सुरळीत होतं.

वरच्या मजल्यावर पाणी न आल्याचा एरर वारंवार येतो. १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो; टाकी नळापासून ३ मीटरच वर असेल तर जेमतेम ०.३ बार. आधी पाइपच्या तोंडाची जाळी धुवावी, तरीही दाब कमी पडला तर पंप बसवावा लागतो.

पॅनल मात्र निराशा करतं. ओल्या बोटांना बटणं दाद देत नाहीत, अक्षरं बारीक आणि सगळी इंग्रजीत. घरातल्या वयस्कर माणसांसाठी रोजच्या दोन प्रोग्रॅमशेजारी मराठी स्टिकर लावले, तो उपाय ॲपपेक्षा जास्त कामाला आला. ॲपला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय लागतं. फोनवरून सुरू करायचं तर दर वेळी आधी मशीनवरचं रिमोटचं बटण दाबावं लागतं. मग तिथूनच सुरू केलेलं बरं.

ड्रेन फिल्टर महिन्यातून एकदा साफ करावा: विजेचा प्लग काढा, बारीक नळीतून पाणी ताटलीत सोडा, मगच झाकण फिरवा. सेफ्टी पिन निघाली तर दाराच्या रबराच्या घडीतही बघावं, तिथे दुसरी अडकलेली असू शकते.