इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंग पोर्टचं झाकण बिघडलंय: साफ करायचं, नुसता अ‍ॅक्चुएटर बदलायचा की अख्खी असेंब्ली?

अ‍ॅक्चुएटर म्हणजे झाकण हलवणारी किंवा अडकवून ठेवणारी छोटी मोटर; असेंब्ली म्हणजे झाकण, बिजागरी, चौकट असा अख्खा संच. झाकण बंद होत नाही आणि झाकण उघडत नाही, या दोन्ही तक्रारी एकाच भागाच्या, पण निर्णय वेगवेगळा. बंद न होणाऱ्या झाकणाने गाडी सहसा अडत नाही. चार्जरची गन लागलेली आहे का, हे गाडी प्रॉक्सिमिटी पिनवरून (गन जोडल्याचा इशारा देणारी पिन) ओळखते, झाकणावरून नाही; त्यामुळे फार तर डॅशबोर्डवर सूचना येते. झाकण उघडतच नसेल तर मात्र चार्जिंग ठप्प, आणि बॅटरी 15 टक्क्यांवर आली असेल तर पार्टची वाट बघत बसणं परवडत नाही.

तिसरी तक्रार यात उगाच मिसळली जाते: झाकण ठीक, पण गन निघत नाही. तो इनलेटमधल्या (गाडीवरच्या सॉकेटमधल्या) गन अडकवणाऱ्या लॉकपिनचा प्रश्न, आणि तिची मोटर वेगळी असते. अशा वेळी गन किंचित आत दाबून धरा आणि मग गाडी अनलॉक करा; पिनेवरचा ताण गेला की बहुधा सुटते. जोर लावून ओढाल तर पिन वाकते. झाकणावर खर्च करून यातलं काहीच सुटणार नाही.

पैसे काढण्याआधी दोन गोष्टी बघा. गाडी अनलॉक आहे ना? बऱ्याच गाड्यांत हे झाकण सेंट्रल लॉकला बांधलेलं असतं. आणि 12 व्होल्टची छोटी बॅटरी: गाडी तासन्‌तास उभी असताना मीटरवर साधारण 12.6 दिसायला हवेत. 12 च्या खाली गेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही छोट्या मोटरी मलूल पडतात.

साफसफाई

दाबून उघडणाऱ्या झाकणासाठी आधी हाच मार्ग, आणि पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. त्याचा खटका बॉलपेनसारखा चालतो: एकदा दाबला की बाहेर, पुन्हा दाबला की आत. खाचेत पावसाळ्यातला चिखल सुकून बसला की आकडा धरत नाही, झाकण टक्‌ वाजून पुन्हा वर येतं.

गन काढलेली, गाडी बंद, पिनांवरची रबरी टोपी लावलेली. जुन्या मऊ टूथब्रशने खाच आणि बिजागरी साफ करा, ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या. मग सिलिकॉन स्प्रे कापसाच्या काडीवर घेऊन खटक्याला आणि बिजागरीला लावा. थेट फवारू नका, पिनांवर तर काहीच नको. ग्रीसही नको, धूळ धरून त्याची लेई होते. झाकणामागचं रबरी बटण जागेवर आहे का तेही बघा. ते पडलं असेल तर झाकण प्रमाणापेक्षा आत जातं आणि दोष मात्र खटक्याला मिळतो. तळातलं पाणी जायचं भोक प्लास्टिकच्या पातळ पट्टीने मोकळं करा. प्रेशर वॉशरचा फवारा इथे कधीच मारू नका.

स्प्रिंग गंजली असेल (कोकण-गोव्यात किनाऱ्याजवळच्या गाड्यांत हे होतंच) तर साफसफाईने फक्त थोडे महिने मिळतात.

नुसता अ‍ॅक्चुएटर

अनलॉक केल्यावर 'घर्र' असा आवाज येतो पण झाकण हलत नाही: आतले प्लास्टिकचे दात गेले. आवाजच येत नाही: मोटर, वायर किंवा फ्यूज. इथे अंदाजाने पार्ट मागवू नका. अ‍ॅक्चुएटरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून मोटरच्या दोन वायरींवर 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावा आणि अनलॉक दाबा. बल्ब क्षणभर पेटला तर वीज येतेय, अ‍ॅक्चुएटर मेला. पेटला नाही तर नवीन अ‍ॅक्चुएटरही तसाच गप्प बसेल. आधी फ्यूज आणि वायरिंग तपासा. डिजिटल मीटर इथे फसवतो, कारण विजेचा झटका सेकंदाच्या अंशापुरता असतो आणि आकडा स्थिरावायच्या आत तो संपतो.

पार्ट लहान, मजुरी मोठी. मागच्या पोर्टला डिकीचं ट्रिम किंवा चाकावरचं लायनर उघडावं लागतं, नाकावरच्या पोर्टला कधी बंपर. मोटरने चालणाऱ्या झाकणात स्थिती सांगणाऱ्या वायरी जास्तीच्या असतात. तिथे नवा पार्ट बहुधा स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) गाडीला शिकवावा लागतो. म्हणून दाबायच्या झाकणाचा अ‍ॅक्चुएटर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे चालेल, मोटरवाल्याला सर्व्हिस सेंटरच बरं. नारिंगी केबलला (मोठ्या बॅटरीच्या हाय-व्होल्टेज वायरीला) हात लावायची वेळ आली तर तिथेच थांबायचं, मेकॅनिक कितीही जुना असो.

अख्खी असेंब्ली

बिजागरीचा कान तुटला, झाकण चिरलं किंवा चौकट वाकली तर दुसरा मार्ग नाही. फेव्हिक्विकने चिकटवलेला कान स्प्रिंगच्या ताणापुढे टिकत नाही. कोटेशन तीन ओळींत मागा: पार्ट, रंग, मजुरी. झाकण बिनरंगाचं येत असेल तर रंगाचा आकडा पार्टला गाठतो, आणि मेटॅलिक शेड शेजारच्या पॅनेलशी जुळवणं हे वेगळंच प्रकरण.

विम्याचा मोह इथे होतो. आपोआप बिघडलेला खटका विम्यात येत नाही. धडकेत मोडलं तरच. त्यातही साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, झिरो डेप कव्हरमध्ये तो वाचतो. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो 20 टक्क्यांपासून वाढत 50 पर्यंत पोचलेला असू शकतो. एकट्या झाकणासाठी तो घालवू नये; बंपर आणि दिवाही गेला असेल तर सगळं एकाच क्लेममध्ये घ्या. वॉरंटी चालू असेल तर काहीही उघडण्याआधी झाकणाचा व्हिडिओ काढून सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर तक्रार लिहून घ्या. उद्या इनलेटमध्ये पाणी शिरलंच, तर झाकणाची तक्रार आधीच दिली होती याचा कागद हाती राहतो.

पार्ट येईपर्यंत आतली रबरी टोपी घट्ट लावा आणि झाकणाला रंगाऱ्यांची मास्किंग टेप. पॅकिंगची तपकिरी टेप नको. उन्हात तिचा गोंद रंगावरच राहतो.